नकाशा म्हणतो कॅल्साइट, खडकावर ॲसिड टाकलं तर एक बुडबुडा नाही!

पायवाट

नमस्कार मंडळी. गेले चार महिने मी एका कोरड्या, डोंगराळ पट्ट्याचा विमानातून घेतलेला हायपरस्पेक्ट्रल डेटा घेऊन बसलो आहे. पिक्सेल ५ मीटरचा, तरंगलांबी साधारण ४०० ते २५०० नॅनोमीटर. वातावरणाची दुरुस्ती झालेली परावर्तनाची फाइलच हातात आली, म्हणून मी थेट वर्गीकरणाला लागलो. हिरवी झाडी एनडीव्हीआय (पानांचा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक) लावून बाजूला काढली, संदर्भासाठी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेच्या) संग्रहातले खनिजांचे वर्णपट घेतले, स्पेक्ट्रल अँगल मॅपर (पिक्सेलचा वर्णपट संदर्भाशी ताडणारी पद्धत; कोन जितका कमी तितकं साम्य जास्त) चालवला. दक्षिण उतारावर दीड किलोमीटर लांब कॅल्साइटचा (चुनखडीतल्या मुख्य खनिजाचा) पट्टा उमटला. इतका सलग आणि देखणा की मी प्रिंट काढून भिंतीवर लावला.

मागच्या आठवड्यात त्या उतारावर गेलो. जीपीएस बघून नेमका त्याच पिक्सेलमध्ये उभा राहिलो. हातोडीने खडक फोडला आणि ताज्या कपच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले. कॅल्साइट असता तर फसफसला असता; इथे फसफस नाही, काही नाही. थेंब पसरला आणि जिरला. अकरा ठिकाणी हेच.

मग विमानाला दिसलं काय? चूक कुठे झाली असेल? आणि त्याहून मोठा प्रश्न: अशा नकाशांवर भरवसा ठेवायचा तरी किती?

गारगोटी

थेंबावर भरवसा ठेवा. आधी थेंब, मग नकाशा.

आता एक विचारते. कपच्यावर थेंब टाकलात, पण खडक खरवडून पूड केलीत का? डोलोमाइट (कॅल्साइटचा मॅग्नेशियमवाला भाऊबंद) असेल तर अखंड कपच्यावर थंड, सौम्य ॲसिड जवळजवळ काहीच करत नाही. पूड केली की हळूहळू बुडबुडे येतात, तेही कान जवळ नेऊन ऐकावे लागतात.

पायवाट

@गारगोटी, पूड नाही केली. पुढच्या खेपेला नक्की करतो. पण बहुतेक ठिकाणी खडक मला वाळूच्या दगडासारखा वाटला, दाणे भिंगातून स्पष्ट दिसत होते.

अभ्रक

गारगोटीताईंच्या शंकेत तथ्य आहे, पण ती नकाशावरच तपासता येईल. कॅल्साइटचा मुख्य डिप २३४० नॅनोमीटरच्या आसपास पडतो, डोलोमाइटचा २३२० च्या आसपास. फरक वीस नॅनोमीटरचा. तुमचा सेन्सर पाच किंवा दहा नॅनोमीटरला एक बँड (मोजणीचा एक भाग) देत असेल तर हा फरक सहज दिसायला हवा.

मला खरी शंका तुमच्या पद्धतीबद्दल आहे. अँगल मॅपर ४०० ते २५०० अशा पूर्ण पट्ट्यावर चालवलात का? तसं असेल तर त्याने खनिज ओळखलंच नसेल, फक्त वक्राचा सर्वसाधारण उतार जुळवला असेल. कार्बोनेटची (कॅल्साइट-डोलोमाइटच्या गटाची) सगळी हकीकत २३०० च्या पुढच्या पन्नास-साठ नॅनोमीटरमध्ये असते. बाकीच्या दोन हजार नॅनोमीटरच्या गर्दीत ती बुडून जाते. २००० ते २४५० एवढाच तुकडा घ्या, कंटिन्युअम (वक्राचा सर्वसाधारण उतार) काढून टाका, मग जुळवा. आणि जुळवण्याआधी त्या उतारावरच्या शंभर पिक्सेलची सरासरी काढून तो वक्र नुसता डोळ्यांनी बघा. चार महिन्यांत तो वक्र एकदा तरी उघडून पाहिलात का? हे रागाने विचारत नाहीये. कळकळीने विचारतोय, कारण निम्मे लोक रंगीत नकाशावरच थांबतात.

चांदणी

वाचतेय. विषय नवा आहे पण सोडवत नाहीये. कुणी अगदी पहिल्यापासून सांगेल का? डिप कशातला? आणि विमानातून दगडाचं खनिज कसं कळतं?

सांजवारा

@चांदणी, प्रयत्न करतो.

आपला डोळा प्रकाशाचे तीन ढोबळ भाग करतो: लाल, हिरवा, निळा. साधा कॅमेराही तेच करतो. हायपरस्पेक्ट्रल सेन्सर त्याच उन्हाचे शेकडो बारीक भाग करतो आणि प्रत्येक पिक्सेलसाठी प्रत्येक भागात किती प्रकाश परत आला ते मोजतो. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा ॲव्हिरिस १९८७ पासून उडू लागला, त्याचे २२४ बँड. त्यामुळे एका पिक्सेलचा रंग म्हणजे एक पूर्ण आलेख असतो. आडव्या अक्षावर तरंगलांबी, उभ्या अक्षावर परावर्तन.

खनिज काही ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतं. तिथे आलेख खाली वाकतो, तो डिप. गिळण्याची कारणं मुख्यतः दोन. लोहासारख्या धातूंचे इलेक्ट्रॉन उडी मारतात, ते दृश्य प्रकाशात आणि त्याला लागून असलेल्या अवरक्तात. लोहाच्या खनिजांत हेमॅटाइट ८६० च्या आसपास वाकतो, गोथाइट ९०० च्या पुढे. दुसरं कारण म्हणजे रेणूंचे बंध थरथरतात. चिकणमातीतला अ‍ॅल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंध २२०० जवळ, कार्बोनेट २३०० च्या पुढे. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा डिप तर जोडीने येतो: २२०० ला खोल आणि त्याच्या डाव्या खांद्यावर २१६० ला एक लहान. पहिल्यांदा तो खांदा स्वतःच्या डेटात दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. हजारो मीटर उंचीवरून मातीतल्या बंधाची थरथर दिसते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

१४०० आणि १९०० जवळ मात्र हवेतली वाफच सगळा प्रकाश पिऊन टाकते, तिथे आलेख तोडावा लागतो.

चांदणी

किती छान समजावलंत! म्हणजे प्रत्येक खनिजाचा बोटाचा ठसाच की.

कातळ

ठशाची उपमा सगळीकडे देतात आणि मला ती पटत नाही. बोटाचा ठसा बदलत नाही, खनिजाचा वर्णपट बदलतो. दाण्याचा आकार बदलला की डिपची खोली बदलते. ओल आली की सगळा वक्र खाली बसतो. दोन खनिजं मिसळली की दोघांचे डिप एकमेकांत शिरतात.

कधी कधी तर हे बदलणंच कामाचं असतं. पांढऱ्या अभ्रकाचा डिप २१९० पासून २२२५ पर्यंत सरकतो. अ‍ॅल्युमिनियम जास्त असेल तर डावीकडे, त्याची जागा लोह-मॅग्नेशियमने घेतली असेल तर उजवीकडे. उष्ण द्रव खडकातून कुठून कसा वाहिला असेल याचा अंदाज त्या सरकण्यावरून बांधता येतो. ठसा समजून एकाच संदर्भाशी जुळवत बसलात तर नेमकं हेच हातून जातं.

अभ्रक

@कातळ, सहमत. पण त्या सरकण्यावर बोलण्याआधी सेन्सरची तरंगलांबी नीट बसवलेली हवी. एक-दोन नॅनोमीटर इकडेतिकडे झालं तर अख्खा डोंगर चुकीच्या अभ्रकाचा होतो. हवेतल्या ऑक्सिजनचा ७६० चा तीक्ष्ण डिप जागेवर आहे का हे मी विमानाच्या प्रत्येक फेरीच्या डेटात आधी बघतो. तेवढं तरी बघाच.

माणिक

साधा प्रश्न. सोनं दिसतं का विमानातून?

कातळ

नाही. सोन्याला या पट्ट्यात कामाचा डिप नाही आणि टनामागे काही ग्रॅम असलेली वस्तू पिक्सेलमध्ये उमटणारही नाही. जे दिसतं ते सोनं आणणाऱ्या उष्ण पाण्याने आजूबाजूचा खडक कसा बदलला ते: अ‍ॅल्युनाइट, केओलिनाइट, अभ्रक, क्लोराइट यांची वलयं. खाणशोधक त्या वलयांच्या मागे जातात.

नेवाडातलं क्युप्राइट हे ठिकाण या विषयाची शाळाच आहे. उजाड, कोरडं, अ‍ॅल्युनाइट-केओलिनाइटने भरलेलं. प्रत्येक नवा सेन्सर तिथे उडवून तपासतात. ॲव्हिरिसच्या आधीच्या एआयएस सेन्सरने तिथे बडिंग्टोनाइट दाखवला होता, म्हणजे अमोनियम असलेला फेल्डस्पार. तो फोडलेल्या खडकात नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. गोएट्झ आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा 'सायन्स' या नियतकालिकातला लेख त्याच काळातला. या शास्त्राची सुरुवात लोक तिथून मोजतात.

माणिक

आणि गारगोटी? (खनिज म्हणतोय, सदस्य नव्हे :))

गारगोटी

हा हा, दोन्ही दिसत नाही! क्वार्ट्झला, म्हणजे गारगोटीला, ४०० ते २५०० मध्ये स्वतःचा डिपच नाही, फेल्डस्पारलाही जवळजवळ नाही. पृथ्वीच्या कवचातली सर्वांत मुबलक खनिजं या सेन्सरला जवळपास अदृश्य आहेत, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. त्यांच्यासाठी ८ ते १२ मायक्रोमीटरचा औष्णिक पट्टा लागतो. म्हणूनच पायवाट यांचा वाळूच्या दगडाचा उल्लेख वाचून माझे कान टवकारले. खडक खरंच क्वार्ट्झचा असेल तर तो गप्प बसणार, आणि त्याच्यावर जे काही पसरलं असेल तेच बोलणार.

धूमकेतू

थोडं विरोधी मत मांडतो. विमानांचा खटाटोप आता हवाच कशाला? प्रिस्मा उपग्रह २०१९ पासून, एनमॅप उपग्रह २०२२ पासून वर आहे. त्याच वर्षी एमिट सेन्सर अंतराळस्थानकावर बसवला, २८५ बँड, खास धुळीतली खनिजं मोजायला. एमिटचा डेटा कुणालाही मोफत. विमान परवानगी मागतं, वैमानिक मागतं, ढग असले तर दिवस फुकट.

आभाळमाया

@धूमकेतू, मोफत डेटाबद्दल कृतज्ञ आहेच. पण एमिटचा पिक्सेल ६० मीटरचा, प्रिस्मा-एनमॅपचा ३० चा. दोन मीटर रुंदीची शीर ६० मीटरच्या पिक्सेलमध्ये तीन टक्के उरते, डिप कुठून दिसणार? ॲव्हिरिसच्या पिढीतल्या सेन्सरांचा हिशेब सोपा आहे, एक मिलीरेडियनचा कोन: जितके किलोमीटर उंच, तितक्या मीटरचा पिक्सेल. ईआर-२ विमानातून २० किलोमीटरवरून २० मीटर, खाली आलात तर चार किंवा पाच मीटर.

२०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासाने मिळून ॲव्हिरिस-एनजी इस्रोच्या बी-२०० विमानात बसवून भारतात ५७ ठिकाणांवर उडवला. राजस्थानातलं जहाजपूर त्यातलंच, खनिजांसाठी निवडलेलं. शेतं, जंगलं, किनारे, सगळंच त्यात होतं.

दुसरी गोष्ट सिग्नलची. ईओ-१ उपग्रहावरचा हायपेरिऑन २००० ते २०१७ होता. त्याने खूप शिकवलं, पण २००० नॅनोमीटरच्या पुढे त्याच्या आलेखात इतका गोंगाट असायचा की केओलिनाइटचा तो खांदा शोधताना डोळे दुखायचे. नवे उपग्रह पुष्कळ सुधारलेत, हे मान्य.

धूमकेतू

शिरेचा मुद्दा मान्य. मग असं म्हणू: उपग्रहाने जिल्हा निवडावा, विमानाने डोंगर.

नदीकाठ

मोठ्या प्रदेशावरही विमान चालतं बरं का. २००७ मध्ये यूएसजीएसने अफगाणिस्तानावर हायमॅप सेन्सर उडवला, डब्ल्यूबी-५७ विमानातून, साधारण १५ किलोमीटर उंचीवरून. ४३ दिवसांत देशाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग, ८० कोटींवर पिक्सेल.

पण मला सर्वांत भिडलेलं उदाहरण खाण शोधण्याचं नाही, खाण सोडून गेल्यानंतरचं आहे. कोलोरॅडोतलं लेडव्हिल. जुन्या खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांतलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवापाण्यात कुजतं, आम्ल तयार होतं आणि धातू विरघळून ओढ्यात जातात. ढिगारे असंख्य, घातक नेमके कुठले? ॲव्हिरिसच्या नकाशात ढिगाऱ्यांभोवती वलयं दिसली: आत जॅरोसाइट (लोहाचं सल्फेट खनिज), मग जॅरोसाइट-गोथाइट मिश्र, कडेला नुसता गोथाइट. जॅरोसाइट आम्लातच टिकतो, म्हणून आतलं वलय म्हणजे आजही आम्ल ओकणारी जागा. सफाई करणाऱ्यांना कुठून सुरुवात करायची ते कळलं. नदीकाठी वाढलेली मी, मला या नकाशाचं मोल सोन्याच्या नकाशाहून मोठं वाटतं.

चांदणी

अवांतर: ॲसबेस्टॉसही असं दिसतं का? ते खनिजच ना?

नदीकाठ

हो. क्रायसोटाइल या ॲसबेस्टॉसच्या प्रकाराचा डिप २३२० जवळ पडतो. १६ सप्टेंबर २००१ ला, म्हणजे जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी, न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यावरून ॲव्हिरिस उडवला होता. धुळीत ॲसबेस्टॉस कुठे असू शकेल ते शोधायला. त्याच डेटात ढिगाऱ्याखाली धुमसणारे तप्त भागही दिसले. जमिनीवरून नमुनेही गोळा केले गेले. विमानाच्या नकाशावर एकट्यावर कुणी विसंबलं नाही.

अभ्रक

लक्षात घ्या, मंडळी: २३२० ला डोलोमाइट आणि २३२० ला क्रायसोटाइल. एका डिपवर नाव ठेवायचं नसतं. बाकीचा वक्रही साक्षीला लागतो. यूएसजीएसच्या रॉजर क्लार्क यांनी टेट्राकॉर्डर हा खनिजं ओळखणारा संगणकप्रोग्राम याच विचाराने बांधला. प्रत्येक खनिजाचे सगळे डिप, त्यांचा आकार, आणि एखादा डिप *नसणं* हेसुद्धा तपासायचं.

पायवाट, वक्र पाहिलात का?

पायवाट

पाहिला. उतारावरच्या सुमारे दोनशे पिक्सेलची सरासरी काढली. २३१० च्या आसपास डिप आहे, पण पसरट. कॅल्साइटच्या संदर्भासारखा एका बाजूला झुकलेला, टोकदार नाही. मग मी घाईघाईने कॅल्साइट का म्हणालो? कारण यादीतल्या बाकीच्या खनिजांपेक्षा त्याचा कोन कमी आला. जागेचं वर्णनही देतो: उतारावर माती कमी, खडक उघडा, मधे मधे जळालेल्या गवताचे काळे ठोंब. डेटा तीन वर्षांपूर्वीचा आहे.

रानवेल

थांबा. जळालेल्या गवताचे ठोंब?

मी खनिजवाली नाही, वनस्पतींच्या वर्णपटावर काम करते. विमान कुठल्या ऋतूत उडलं होतं? गवत वाळलेल्या दिवसांत उडलं असेल तर तुमचा डिप माझ्या ओळखीचा आहे. वाळलेल्या गवतातलं सेल्युलोज आणि लिग्निन २१०० जवळ आणि परत २३०० जवळ प्रकाश गिळतं. २३०० चा डिप कार्बोनेटच्या शेजारीच येऊन बसतो. आणि तुम्ही एनडीव्हीआयने काढलीत ती हिरवी झाडी. वाळल्या गवतात हरितद्रव्य उरत नाही, त्यामुळे एनडीव्हीआय त्याला उघडी जमीन समजतो आणि गवत गाळणीतून सरळ आत येतं. आमच्याकडचे विद्यार्थीही इथेच अडखळतात.

तीन वर्षांत वणवा लागला असेल तर आता तिथे गवत दिसणारच नाही.

२१०० बघा. हिरव्या पानात पाणी हे डिप झाकून टाकतं, वाळल्यावरच ते वर येतात.

गारगोटी

रानवेल, तुम्हाला साष्टांग नमस्कार! खडक क्वार्ट्झचा, म्हणून गप्प. गवत बोललं.

कातळ

+१. आणि यूएसजीएसच्या संग्रहात वाळल्या गवताचाही वर्णपट आहे. अँगल मॅपर दिलेल्या यादीतूनच सर्वांत जवळचं नाव निवडतो, यादीत नसलेलं ओळखत नाही. तुमच्या यादीत फक्त खनिजं होती.

सांजवारा

अवांतर, पण राहवत नाही. चांद्रयान-१ वरचा एम३ हाही असाच वर्णपटमापक. तो ३००० नॅनोमीटरपर्यंत बघायचा, म्हणून २००९ मध्ये त्याच्या डेटात २८०० ते ३००० चा डिप धरून चंद्रावर हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या खुणा जाहीर झाल्या. चंद्रावर गवत नाही, हवा नाही. तिथे काम करणाऱ्यांना आपल्या अर्ध्या अडचणीच नसतात!

आभाळमाया

@पायवाट, पुन्हा जाणार असाल तर हातातला वर्णपटमापक आणि पांढरं संदर्भफलक घेऊन जा. गडद कपडे घाला. पांढरा सदरा घालून फलकाशेजारी उभं राहिलं की सदऱ्यावरचा उजेड मापनात शिरतो. तोंड सूर्याकडे ठेवा, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. दर काही मापनांनंतर फलक परत मोजा, आणि सूर्य डोक्याजवळ असतानाच काम आटपा. खडकाचा बाहेरचा, उन्हात भाजलेला पृष्ठभाग मोजा. फोडलेला आतला भाग वेगळा मोजा. सेन्सरला खडकाची वरची काही मायक्रोमीटर कातडीच दिसते. तुमचा हातोडा आणि तुमचं विमान दोन वेगळ्या गोष्टी बघत होते.

पायवाट

मंडळी, बारा दिवसांनी आलो, कारण मधे पुन्हा जाऊन आलो.

रानवेल, तुमचं म्हणणं खरं निघालं. विमान गवत वाळलेल्या दिवसांतच उडलं होतं. उताराच्या वक्रात २१०० ला डिप आहे, उथळ पण स्वच्छ, आणि मी तो बघितलाच नव्हता, कारण माझ्या यादीतल्या कुठल्याच खनिजाला तो नव्हता. वाळल्या गवताचा वर्णपट यादीत घालून २००० ते २४५० या तुकड्यावर परत चालवलं. पट्ट्याचा बहुतेक भाग गवतात गेला.

पण सगळा नाही. वरच्या कड्याच्या ओळीत अडतीस पिक्सेल राहिले. तिथे २१०० ला काही नाही आणि डिप २३२० ला, टोकदार. पूर्वीच्या अकरा ठिकाणांपैकी एकही त्या ओळीत नव्हतं, कारण चढण अवघड म्हणून मी खालीच फिरलो होतो. या वेळी वर चढलो. करडा, बारीक दाण्यांचा खडक. कपच्यावर थेंब टाकला, शांत. चाकूने खरवडून चिमूटभर पूड केली, तिच्यावर थेंब टाकला आणि गारगोटीताईंनी सांगितल्याप्रमाणे कान जवळ नेला. बारीक चुरचुर ऐकू आली. आठ ठिकाणी तपासलं, सातांत तीच चुरचुर.

गारगोटी

डोलोमाइट!! वाचून अंगावर काटा आला.

अभ्रक

फार छान काम. आता दोन गोष्टी. नकाशाच्या सूचीत 'वाळलेलं गवत' हा वर्ग ठेवा, लपवू नका, आणि उड्डाणाची तारीख ठळक लिहा. दुसरं, कडा आणि उतार यांच्या मधल्या पिक्सेलमध्ये दोन्ही मिसळलेलं असणार. प्रत्येक पिक्सेलसाठी २१०० ची खोली एका अक्षावर, २३२० ची दुसऱ्या अक्षावर, असा आलेख काढा. नुसतं गवत असेल तर ठिपके एका रेषेवर बसतील. त्या रेषेच्या वर जे उठतील तिथे गवताखाली डोलोमाइट असण्याची शक्यता आहे.

पायवाट

काढतो. आठव्या ठिकाणचा नमुनाही ठेवला आहे, तो चुरचुरला नाही आणि त्याचा वर्णपट अजून उलगडलेला नाही: डिप २३२० लाच, शिवाय १४०० च्या थोडं अलीकडे एक अगदी तीक्ष्ण डिप, जो विमानाच्या डेटात वाफेमुळे दिसणं शक्यच नव्हतं. हातातल्या यंत्राने मोजला आहे. दोन्ही आलेख रविवारी इथे टाकतो.

नदीकाठ

१३९० च्या आसपास? मग तो नमुना आता हाताळू नका आणि अजिबात कुटू नका. दुहेरी पिशवीत बंद करून ठेवा. टाल्क (शंखजिरे) असेल तर प्रश्न नाही, पण क्रायसोटाइलही तिथेच डिप देतो. आलेख रविवारपर्यंत थांबवू नका, आजच टाका.